चार आठवड्यांचं इंग्रजी आणि आपल्या डोळ्यांतलं पाणी

हातातलं काम चालू राहू द्या, फक्त कान इकडे असू द्या. आज कर्ज, हप्ता, व्याज यातलं काही सांगायचं नाही. आज आपण सिनेमाबद्दल बोलणार आहोत.

गटाची बैठक संपली, वही मिटली, की चहा होईपर्यंत सिनेमाचा नाहीतर मालिकेचा विषय निघतोच. मग दोन तट पडतात. एक म्हणते, "काय रडले गं मी काल!" लगेच दुसरी म्हणते, "असं कुठं असतं का? सगळं खोटं असतं ते." पहिली गप्प बसते. जणू रडली ती भोळी आणि चूक काढली ती शहाणी. आम्ही गावोगावच्या गटांत फिरतो, तेव्हा हे नेहमी बघतो. आमचं म्हणणं असं, की चूक कळणं आणि मन भरून येणं या दोन्ही गोष्टी एकाच बाईला एकाच वेळी जमतात. फक्त कुठली चूक सोडून द्यायची आणि कुठली धरून ठेवायची, हे ओळखता आलं पाहिजे. ते ओळखायचं कसं, हे आज एक सिनेमा समोर ठेवून बघू या. सिनेमाचं नाव 'इंग्लिश विंग्लिश'. तुमच्यातल्या बऱ्याच जणींनी तो टीव्हीवर बघितला असेल.

गोष्ट आपल्यातल्याच एकीची

हा हिंदी सिनेमा ऑक्टोबर २०१२ मध्ये आला. श्रीदेवी त्यात शशी गोडबोले झाली आहे. १९९७ च्या 'जुदाई'नंतर घरसंसारात रमलेली श्रीदेवी जवळजवळ १५ वर्षांनी या सिनेमातून नायिका म्हणून परत आली. सिनेमा लिहिला आणि दिग्दर्शित केला गौरी शिंदे यांनी. त्यांचा हा पहिलाच सिनेमा. त्या मूळच्या पुण्याच्या. त्यांच्या आई घरून लोणच्यांचा व्यवसाय करायच्या आणि त्यांना इंग्रजी फारसं यायचं नाही. लहानपणी आपल्याला आईची लाज वाटायची, ती सल मनात राहिली होती, आणि आईसाठीच हा सिनेमा केला, असं त्यांनी मुलाखतींतून सांगितलं आहे.

सिनेमातली शशी लाडू करते आणि स्वतः घरोघरी पोचवते. घरात नवरा सतीश, इंग्रजी शाळेत जाणारी मुलगी सपना, धाकटा मुलगा आणि समजूतदार सासूबाई. सासूबाईंचं काम आपल्या सुलभा देशपांडे यांनी केलं आहे. या घरात कुणी शशीला मारत नाही, उपाशी ठेवत नाही. फक्त हसतात. एक इंग्रजी शब्द तिच्या तोंडून वेगळा निघाला, की नवरा आणि मुलगी टेबलावर बसून हसतात. पालकसभेला आई आपल्याबरोबर शाळेत येणार म्हटल्यावर मुलीचा चेहरा उतरतो.

पुढे अमेरिकेत न्यूयॉर्कला राहणाऱ्या बहिणीच्या मुलीचं लग्न ठरतं. मदतीला म्हणून शशी काही आठवडे आधी एकटीच जाते. तिथे एका कॉफीच्या दुकानात तिला नीट मागता येत नाही, दुकानातली बाई तिच्यावर खेकसते आणि शशी रडत बाहेर पडते. मग तिला चार आठवड्यांत इंग्रजी बोलायला शिकवणाऱ्या वर्गाची जाहिरात दिसते. लाडू विकून जमवलेल्या पैशांतून फी भरून ती कुणाला न सांगता वर्गाला जायला लागते. फक्त भाची राधाला ते कळतं आणि ती मावशीला साथ देते.

शेवटची परीक्षा आणि लग्न एकाच दिवशी येतात. लग्नासाठी केलेले लाडू मुलाच्या धक्क्याने खाली पडतात. ते पुन्हा करण्यात परीक्षा हुकते. मग लग्नाच्या मांडवात सगळे शशीला दोन शब्द बोलायला सांगतात. हिला इंग्रजी येत नाही, असं सांगायला नवरा उठतो. शशी त्याला थांबवते आणि स्वतः इंग्रजीत बोलते.

कुठं कुठं पटत नाही?

आता चुका काढू. मनापासून काढू, कारण काटकसरीच्या संसारात आणि गटाच्या हिशेबात मुरलेल्या बायकांना काही गोष्टी लगेच खटकतात.

पहिली गोष्ट वेळेची. कॉफी मागता न येणारी बाई चार आठवड्यांत उभी राहून लग्नात भाषण करते. शशी रात्री जागून टीव्हीवर इंग्रजी सिनेमे बघते, गृहपाठ करते, हे दाखवलंय. तरी चार आठवडे म्हणजे फारच कमी. आपल्या मुली पहिलीपासून इंग्रजी शिकतात आणि दहावी झाली तरी चारचौघांत बोलायला लाजतात.

दुसरी गोष्ट घरातल्यांची. लग्नघर आहे, पाहुणी बाई रोज काही तास गायब असते आणि कुणाला पत्ता नाही! हे ऐकून एका गावातल्या काकू म्हणाल्या, "आम्ही बँकेतून अर्धा तास उशिरा आलो, तर घरून पाच फोन येतात." सगळ्याजणी हसल्या, कारण सगळ्यांचं तेच होतं.

तिसरी गोष्ट पैशांची. लाडू विकून पुण्यात जमवलेले रुपये, आणि फी अमेरिकेतली, डॉलरमध्ये. एवढी बचत झाली म्हणजे धंदा जोरात असणार. मग घरात त्या धंद्याला कुणी धंदा का म्हणत नाही? तूप, डाळ, गॅस आणि तिची स्वतःची मजुरी, हे कुठं लिहिलेलं दिसत नाही. आमच्या एका गटाच्या सचिव ताईंनी तर विचारलं, "तिची वही कुठाय?"

चौथी गोष्ट लाडवांची. लग्नाला पुरतील एवढे लाडू ऐनवेळी दुसऱ्यांदा करायचे. ज्यांनी पाच किलोचा घाणा एकदा तरी घातलाय, त्यांना हसू येणारच.

आणि पाचवी, सगळ्यात मोठी. एका भाषणाने नवरा आणि मुलगी दोघं बदलतात. दोघांना आपली चूक कळते, डोळ्यांत पाणी येतं. घरातली अनेक वर्षांची सवय पाच मिनिटांत जाते का? तुम्हीच सांगा.

एवढ्या चुका काढल्या. तरी ते भाषण आलं, की डोळे भरून येतात. दुसऱ्यांदा बघतानाही येतात. आता ते का, ते बघू.

मग रडू का येतं?

आपल्याकडे श्रावणात कहाण्या वाचतात. त्यात आटपाट नगर असतं. ते कुठल्या तालुक्यात आहे, असं आजवर कुणी विचारलं नाही. शुक्रवारची कहाणी आठवा. श्रीमंत भाऊ गावजेवण घालतो आणि गरीब बहिणीला बोलावत नाही. ती मुलांना घेऊन जाते, तर तिला भरल्या पंगतीतून उठवतो. पुढे देवीच्या कृपेने तिला चांगले दिवस येतात. मग तोच भाऊ आग्रहाने जेवायला बोलावतो. ती जाते, दागिने काढून पाटावर ठेवते आणि एकेक घास त्या दागिन्यांवर ठेवत जाते. तू मला नाही, यांनाच बोलावलंस, असं तिचं म्हणणं. आता, चांगले दिवस आले ते नेमके कसे, कोणता व्यवसाय केला, हे कहाणी सांगत बसत नाही. पण पंगतीतून उठवलेल्या बाईच्या मनात काय होतं, ते तिला बरोबर ठाऊक आहे. म्हणून ऐकणारीचा गळा दाटतो.

सिनेमाचंही तसंच आहे. 'इंग्लिश विंग्लिश' सव्वादोन तासांच्या आसपासचा आहे. तेवढ्या वेळात वर्षाची मेहनत दाखवायची, तर काळ आखडावाच लागतो. बसचा प्रवास, रांगा, चुकलेले तास, कंटाळा, हे सगळं गाळावं लागतं. वेळ आणि पैसा यांचा हिशेब सिनेमा सैल सोडतो. पण अपमानाचा हिशेब त्याने पै-पै करून ठेवलाय. सकाळच्या टेबलावरचं हसणं, शाळेत मुलीने फिरवलेली मान, कॉफीच्या दुकानातलं खेकसणं, आणि माझी बायको जन्मली ती लाडू करायलाच, हे नवऱ्याचं कौतुकासारखं वाटणारं बोलणं. यातलं एकही मोठं नाही. कुणाला सांगायला गेलं, तर "एवढंच ना?" असं म्हणतील. पण एकेक टोचणी साठत जाते. शेवटी शशी उभी राहते, तेव्हा ही सगळी थकबाकी एकदम वसूल होते. आपल्याला रडू येतं ते तिच्या इंग्रजीमुळे नाही.

ते भाषण नीट ऐका. वाक्यं लहान आहेत, मध्ये अडखळणं आहे. ती म्हणते त्याचा अर्थ असा, की लग्न म्हणजे दोन सारख्या माणसांची मैत्री. कधी एकाला कमी वाटायला लागतं, तेव्हा आपणच आपल्याला मदत करायची. आणि घर म्हणजे जिथे आपल्या उणिवेवर कुणी हसत नाही, आपल्याला लहान लेखत नाही. हे सांगायला फार मोठं इंग्रजी लागत नाही. चार आठवडे खोटे असतील, पण ज्या बाईवर इतकी वर्षं हसले, तिला हे सांगावंसं वाटणं अगदी खरं आहे.

अजून एक खरी जागा सांगतो. वर्गात सगळे जगभरातून आलेले, इंग्रजी न येणारे लोक आहेत. मेक्सिकोची मुलं सांभाळणारी बाई, पाकिस्तानचा टॅक्सीवाला, आपल्याकडचा तमिळ संगणक अभियंता, फ्रान्सचा स्वयंपाकी. शशी आपली ओळख करून देताना म्हणते, मी घरी लाडू करून विकते. शिक्षक म्हणतात, म्हणजे तुम्ही उद्योजिका आहात! तो इंग्रजी शब्द ती रस्त्याने चालताना पुन्हा पुन्हा म्हणत राहते. आता आपल्या बँकेचा अर्ज आठवा. त्यात व्यवसायाचा रकाना असतो. शेळ्या पाळणारी, पापड करणारी, शिलाई करणारी, दुसऱ्याच्या शेतात राबणारी, सगळ्याजणी तिथे 'गृहिणी' लिहितात. आम्ही विचारतो, "ताई, पापडाचं काय?" तर उत्तर मिळतं, "ते होय, ते आपलं असंच." रस्त्यात एक शब्द घोकत जाणारी शशी बघून आपल्या पोटात जे हलतं, ते या रकान्यामुळे हलतं.

कुठली चूक सोडायची, कुठली धरायची

आता मुद्द्याचं. सगळ्या चुका एका मापाच्या नसतात. आम्ही त्यांचे तीन भाग करतो.

पहिला भाग, वेळ वाचवायला केलेल्या चुका. रोज गायब होऊनही कुणाला न कळणं, लाडू पटकन पुन्हा होणं. या कहाणीतल्या आटपाट नगरासारख्या. त्या हसून सोडून द्याव्यात. त्यांच्यावरून भांडणारीला चहा जास्त द्यावा.

दुसरा भाग, रस्ता सोपा दाखवणाऱ्या चुका. चार आठवड्यांत भाषा आली, एका भाषणात घर सुधारलं. सिनेमा बघताना यांचा आनंद घ्यावा, पण बाहेर आल्यावर त्यांच्यावर पैसे लावू नयेत. हे आम्ही उगाच बोलत नाही. एका गटात पापडाचा व्यवसाय करणाऱ्या ताई हा सिनेमा बघून अगदी उमेदीने आल्या. प्रदर्शनात शहरातली गिऱ्हाइकं इंग्रजीत विचारतात आणि आपण गप्प उभ्या राहतो, हे त्यांना फार लागायचं. त्यांना एका वर्गाची जाहिरात मिळाली होती: एका महिन्यात फाडफाड इंग्रजी. त्यासाठी त्यांनी अंतर्गत कर्ज मागितलं.

त्या बैठकीत दोन गोष्टी सहज होऊ शकल्या असत्या. एक, सगळ्या हसल्या असत्या: या वयात इंग्रजी! मग त्या ताईंनी पुन्हा कधी तोंड उघडलं नसतं. दोन, सगळ्या भारावून गेल्या असत्या आणि कर्ज मंजूर झालं असतं. गटाने दोन्ही केलं नाही. बायकांनी साधे प्रश्न विचारले. फी एकदम भरायची की हप्त्याने? पावती मिळते का? आधी एक दिवस नुसतं बसून बघता येईल का? महिन्याने बोलता आलं नाही, तर पैसे परत मिळतात का? आणि आपल्याला इंग्रजी नेमकं कशासाठी हवं? ताईंनी जाऊन विचारलं. फी सगळी आधी भरायची होती, बसून बघायला परवानगी नव्हती आणि पावतीचं कुणी धड बोलेना. कर्ज घ्यायचं नाही, असं ताईंनी स्वतःच ठरवलं.

पण शिकायचं त्यांनी सोडलं नाही. गावातल्याच एका शिकलेल्या सुनेकडे त्या आठवड्यातून तीन दुपारी बसू लागल्या. त्यांच्याबरोबर आणखी दोघी आल्या. आधी आकडे, मग वजन, भाव, पापडात काय काय घातलंय, किती दिवस टिकतो, तिखट आहे की नाही. बरेच महिने लागले. आज त्या भाषण करत नाहीत. गिऱ्हाइकाने विचारलं, तर मालाची माहिती सांगतात आणि अडलं तिथे मराठीत बोलून हाताने दाखवतात. माल विकला जातो. चार आठवडे हे सिनेमाचं, आणि मान वर करून उभं राहायचं हे आपलं, असा वाटा त्यांनी बरोबर करून घेतला.

तिसरा भाग, खऱ्या धोक्याच्या चुका. काही सिनेमे आणि मालिका असं शिकवतात, की सोसत राहिलं की एक दिवस सासरचे आपोआप सुधारतात, किंवा नवस केला की दवाखान्याची गरज नाही. तिथेही आपल्याला रडू येतं. १९९१ च्या 'माहेरची साडी'ला गावोगावच्या बायका ढसाढसा रडल्या. अलका कुबल यांचा तो सासुरवास बघून आपल्या आयांनी आणि मावश्यांनी स्वतःचं दुःख मोकळं करून घेतलं. त्या रडण्याला आम्ही नावं ठेवणार नाही. त्या काळी मन मोकळं करायला दुसरी जागा कुठं होती? पण घरी परत येताना एक गोष्ट मनाशी पक्की हवी: ती सोसते म्हणून आपल्याला तिची कीव आली, सोसणं चांगलं, असं त्यातून ठरत नाही. मारहाण होत असेल, तर शेवट गोड होईल म्हणून वाट बघायची नाही. तिथे गट, कायदा, मदतवाहिनी यांच्याकडे जायचं.

'इंग्लिश विंग्लिश' या तिसऱ्या भागात बसत नाही, असं आम्हाला वाटतं. घर एका भाषणात सुधारतं ही सोपी गोष्ट आहेच, पण शशी घर सुधारायची वाट बघत बसलेली नाही. आधी ती स्वतः शिकली, स्वतःच्या पैशाने शिकली. घरच्यांचं बदलणं मागून आलं. हा क्रम खरा आहे.

एक वादाची जागा

गटात हा सिनेमा बघितला, की वर्गातल्या फ्रेंच स्वयंपाक्यावरून वाद होतोच. त्याला शशी आवडते. तो तिचं कौतुक करतो, तिच्याकडे माणूस म्हणून बघतो. काहीजणी म्हणतात, लग्न झालेल्या बाईला हे शोभतं का? काहीजणी म्हणतात, इतका चांगला माणूस, तरी ती परत त्या हसणाऱ्या घरात गेली, हे पटत नाही. शशी त्याचे आभार मानते, कारण त्याच्यामुळे तिला स्वतःबद्दल पुन्हा चांगलं वाटायला लागलं. आणि ती आपल्या वाटेने जाते. आम्ही या वादाचा निकाल देत नाही. कौतुकाचे दोन शब्द ऐकायला बाईला परक्या देशातल्या परक्या माणसाची वाट का बघावी लागते, एवढंच घरी जाऊन विचारून बघा.

आणि शेवटचा प्रसंग विसरू नका. परतीच्या विमानात शशी सेविकेला छान इंग्रजीत वर्तमानपत्र विचारते, आणि मागते ते हिंदी वर्तमानपत्र. आता गोडबोल्यांची सून, पुण्याची. मराठी का नाही मागितलं, हा प्रश्न आम्हाला पडलाच. ती चूक पहिल्या भागात टाकून दिली. पण तिचं म्हणणं कळलं. इंग्रजी आलं म्हणून आपली भाषा कमी झाली नाही.

गटात बघायचा असेल तर

एखाद्या दुपारी समाजमंदिरात किंवा कुणाच्या घरी टीव्हीवर हा सिनेमा सगळ्याजणी मिळून बघा. मुलींना बरोबर घ्या, आणि जमलं तर घरच्या पुरुषांनाही. बघताना कुणी रडली तर हसू नका, आणि कुणी चूक काढली तर तिला गप्प करू नका. सिनेमा संपला की तीन प्रश्नांवर बोला.

पहिला: कुठली गोष्ट अजिबात पटली नाही, आणि ती आपल्या तीन भागांपैकी कुठल्या भागात बसते?

दुसरा: कुठल्या क्षणी डोळ्यांत पाणी आलं? त्या क्षणी तुम्हाला स्वतःचं काय आठवलं? सांगायचं नसेल तर मनात ठेवा, पण आठवा.

तिसरा: आपल्या घरात आपण कुणाच्या बोलण्यावर, वाचण्यावर, शब्दांवर हसतो का? सासूला मोबाईल लावता येत नाही म्हणून, सुनेची बोली वेगळी म्हणून?

आणि एक काम. पुढच्या वेळी बँकेचा किंवा योजनेचा अर्ज भराल, तेव्हा व्यवसायाच्या रकान्यापाशी थोडं थांबा. तुम्ही जे करता, ते तिथे लिहा.

तुमच्या गटात काय चर्चा झाली, ते केंद्रावर नक्की कळवा. पुढच्या वेळी भेटू. नमस्कार.